सासूबाईंचा बर्फ

लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की सासूबाई फ्रिज दुरुस्त करतात. कुठे, कुणाचे, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि म्हणाल्या, "हात गार आहेत तुझे. रक्त कमी आहे की घाबरली आहेस?"

"घाबरलेय," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. ते आपोआप जातं."

हात लावून तापमान सांगायची त्यांची सवय धंद्यातली होती. त्यांचे वडील बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. घरात मुलगा नसेल म्हणून पोरीला शिकवलं असेल, असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे दोन थोरले भाऊ होते, पण त्यांना थंडी सोसवत नव्हती. एक शिंकायचा, दुसरा पळायचा. राहिल्या त्या ह्याच. बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्या वडिलांबरोबर नळ्या तपासायला जायच्या. तळहाताने नाही, बोटांच्या मागच्या बाजूने नळीला स्पर्श करायचा. तिथली कातडी पातळ असते, तिला लवकर कळतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला लावायचं आणि मूठ कानाला. आत काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. "यंत्राच्या जिभेला हाड असतं," त्या म्हणायच्या. "उगाच काहीबाही बोलत नाही ते. बोललं तर ऐकावं."

पुढे त्यांनी दवाखान्यातल्या रक्तपेढीची कपाटं सांभाळली, फुलांच्या गोदामातल्या थंड खोल्या सांभाळल्या. मग गावाबाहेर, लाकडाच्या वखारींच्या पलीकडे, एक प्रयोगशाळा होती तिथून बोलावणं आलं. तिथला थंडीच्या यंत्रांचा जुना मेकॅनिक आजारी पडला होता. तीन दिवसांचं काम आहे, म्हणाले. सासूबाई पान्यांची पिशवी घेऊन गेल्या आणि एकोणीस वर्षं राहिल्या.

माझे सासरे त्याच रस्त्यावर बस चालवायचे. ते लोकांना सांगायचे, "आमच्या घरातला फ्रिज सहा महिने झाले गळतोय. ही मात्र रोज जाऊन सूर्याला बर्फ खाऊ घालते." लोक हसायचे. मीही हसायचे. ते अक्षरशः खरं होतं, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

पहिल्या दिवशी काय झालं, ते त्या अनेकदा सांगायच्या. तीनमजली उंचीची एक मोठी खोली, आणि मधोमध ते यंत्र. त्याला स्टेलरेटर म्हणतात, हे नाव त्यांना नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की माणसाच्या दुप्पट उंचीची धातूची कडी ओळीने उभी करून एक मोठं रिंगण केलंय आणि त्यातलं एकही कडं धड गोल नाही. एक इकडे पिळलेलं, दुसरं तिकडे दबलेलं, तिसऱ्याच्या पोटाला बाक. सासूबाईंना वाटलं, कुणीतरी मोठा घोटाळा केलाय आणि आता सगळे मूग गिळून बसलेत. शेजारी चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. यांनी हळूच विचारलं, "हे वाकलंय, की वाकवलंय?"

त्या बाई गणितातल्या. तिथे त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. वयाने सासूबाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्या जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाकवलंय, ताई. प्रत्येक बाक मोजून काढलाय. एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला असता तर पुन्हा बनवावं लागलं असतं."

"आणि आत काय असतं?"

"हायड्रोजन वायू. अर्ध्या तांदळाच्या दाण्याएवढ्या वजनाचा. पण कोट्यवधी अंशांपर्यंत तापवलेला. इतक्या तापमानाला त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या पोटात जे चालतं ते इथे घडवायचंय, म्हणजे त्यातून वीज करता येईल."

"आणि माझी थंडी?"

"ही कडी म्हणजे लोहचुंबकं. ती तो वायू अधांतरी धरून ठेवतात, भिंतीला लागू देत नाहीत. चालू राहायला त्यांना उणे दोनशे एकोणसत्तर अंश लागतात. ती थंडी तुमची."

सासूबाई सांगायच्या, त्या क्षणी त्यांनी मनातल्या मनात अंतर मोजलं. सूर्याहून तापलेला वायू आणि त्यांना सांभाळायची ती थंडी, यांच्यात जेमतेम एका माणसाची उंची. त्यांचे वडील आयुष्यभर उणे दहावर खूश होते. पान्यांची पिशवी खाली ठेवली आणि त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. कामाला लागायचं भानच राहिलं नाही.

बाईंची आणि त्यांची गट्टी जमली ती उपाहारगृहात. बाईंना बोलायला कुणीतरी हवं असायचं, आणि सासूबाईंना न समजलेलं समजल्यासारखं दाखवता यायचं नाही. एकदा बाईंनी आपलं दुखणं सांगितलं. चुंबकांचा पिंजरा उत्तम जमला होता. वायूचे कण त्यातून सहसा निसटत नव्हते. तरीही यंत्र हवं तितकं तापत नव्हतं. मध्यभागी कितीही उष्णता ओता, ती कडेला पळायची.

"म्हणजे दार नीट बसलंय," सासूबाई म्हणाल्या, "दाराचं रबरही चांगलं आहे, तरी गारवा बाहेर जातोय."

"गारव्याऐवजी उष्णता म्हणा. बाकी अगदी तसंच."

"मग भिंतीतून जात असेल."

"भिंतच नाही ना. वायूच्या आत भोवरे उठतात. बारीक, काही मिलिमीटरचे, हजारोंनी. मधला गरम वायू कडेला नेतात, कडेचा गार आत आणतात. मध्य आणि कड यांच्या तापमानात जितका फरक, तितके ते उसळतात. म्हणजे जितकं तापवावं, तितकी खळबळ जास्त."

बाईंचं सगळं आयुष्य त्या भोवऱ्यांमागे गेलं होतं. ते कधी उठतील, किती मोठे होतील, कुठे विरतील, हे त्या आधीच गणिताने सांगू पाहत होत्या. एका फार मोठ्या संगणकावर त्यांचं गणित तेव्हा नुकतंच लागलं होतं, ते अकरा आठवडे चालणार होतं. सासूबाईंनी विचारलं, "अकरा आठवड्यांच्या गणितात यंत्रातला किती वेळ येतो?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचा संगणक अकरा आठवडे जे सोडवतो, ते हा वायू पापणी लवायच्या आत करून मोकळा होतो?"

"पापणी लवायला तर फार वेळ लागतो, ताई. तेवढ्यात त्याचं शंभरदा करून होतं."

त्या संध्याकाळी सासूबाई जेवायला बसल्या आणि घास हातातच राहिला. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं? कुणी काही बोललं का?" त्या म्हणाल्या, "नाही हो. त्या वायूला कुणी गणित शिकवलेलं नाही, आणि तो एकदाही चुकत नाही." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं. मी शाळेत भूगोल शिकवते. वारे आणि सागरी प्रवाह फळ्यावर काढताना त्या दिवसापासून माझा हात जरा सावकाश चालतो.

अकरा आठवड्यांनी गणिताचं उत्तर आलं. ते असं होतं, की नुसतं तापमान मध्ये जास्त आणि कडेला कमी असेल तर भोवरे उसळणार. पण वायूची दाटीसुद्धा मध्ये जास्त आणि कडेला विरळ केली, तर ह्या वाकड्यातिकड्या पिंजऱ्यात ते भोवरे बसून जातील. दुसऱ्या आकाराच्या यंत्रात असं होईलच असं नाही. ह्यात होईल. कारण त्या प्रत्येक बाकाचा त्यात हात होता.

आता मध्यभागी दाटी करायची कशी? कडेने वायू सोडला तर तो कडेलाच अडकतो. आतपर्यंत जायला तो घट्ट हवा. म्हणजे हायड्रोजन गोठवायचा, त्याच्या मुगाच्या दाण्यापेक्षा लहान गोळ्या कापायच्या आणि बंदुकीतून झाडाव्यात तशा त्या वितळायच्या आत मध्यापर्यंत पोचवायच्या. सेकंदाला अडीचशे मीटरच्या वेगाने, एकामागून एक चाळीस गोळ्या. त्यासाठी एक यंत्र आणलं गेलं आणि ते आपसूक सासूबाईंच्या वाट्याला आलं.

ते यंत्र त्यांनी लेकरासारखं जपलं. हायड्रोजन उणे दोनशे एकोणसाठ अंशांना गोठतो. यंत्राला एक छोटी काच होती, तिच्यातून गोठलेल्या हायड्रोजनची कांडी सरकताना दिसायची. तिचेच तुकडे कापून गोळ्या व्हायच्या. त्याआधी कधी त्यांनी हात न लावता येणारा बर्फ पाहिला नव्हता. त्या म्हणायच्या, "जगातल्या सगळ्यात हलक्या वायूचा बर्फ. डोळ्यांसमोर होता, पण खरा वाटत नव्हता."

अडचण एकच होती. गोळ्या फुटायच्या. बंदुकीपासून यंत्रापर्यंत एक वळणाची नळी होती. चाळीसातल्या जेमतेम दहा गोळ्या अख्ख्या पोचायच्या, बाकीच्यांचा चुरा. चुरा कडेलाच वितळायचा आणि मध्य तसाच विरळ राहायचा. अभियंत्यांनी नळी दोनदा बदलली, वळण सौम्य केलं, वेग कमी केला. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंचं गणित तयार होतं, पण ते खरं की खोटं हे दाखवायला गोळ्याच नव्हत्या. चार महिने असे गेले.

सासूबाई काचेतून रोज बघत होत्या. त्यांना नळीचा संशय कधीच आला नाही. कांडी पांढुरकी दिसत होती. एके सकाळी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे, त्याही म्हणायच्या.

"सर, नळीचा दोष नाही. बर्फच वाईट आहे."

"बर्फ वाईट म्हणजे?"

"घाईने गोठलेला. आमच्या कारखान्यात घाईने गोठवलेली लादी अशीच पांढरी व्हायची. आत बारीक भेगा. टाचणी लावली तरी तडकायची. सावकाश गोठवलेली काचेसारखी असायची, तिला घण घालावा लागायचा. ह्याला जरा उबेत विसावू द्या. दोन अंशांनी वर घ्या."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आधीच्या दोन नळ्यांचे सल्ले त्यांनी ऐकले होते. दुधाने पोळलेलं तोंड होतं ते. "ताई, तो पाण्याचा बर्फ. हा हायड्रोजन."

"हो. पण घाई ती घाईच, सर."

एक दिवस करून बघायची परवानगी मिळाली. आणि झालं काय, तर दोन अंश जास्त झाले. कांडी इतकी मऊ पडली की पात्याला चिकटली, नळीच्या तोंडाशी लगदा झाला, सगळं यंत्र गरम करून साफ करावं लागलं. दीड दिवस प्रयोग बंद. दुसऱ्या गटाच्या लोकांची पाळी बुडाली, त्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही पण उपाहारगृहात बाजूला बसले. सासूबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी." त्या दिवशी सासऱ्यांनी एकही विनोद केला नाही. स्वतः उठून भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या कामाच्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "अडकायच्या आधी ज्या चार गोळ्या सुटल्या ना, त्यांची छायाचित्रं बघितली मी. चारही अख्ख्या होत्या."

"चारही?"

"चारही. मी सरांना दाखवलंय. ते म्हणतात, पुन्हा करा. पण जपून."

ह्या वेळी सासूबाईंनी उतावीळपणा केला नाही. तापमान एक अंशाने वर घेतलं, कांडी वीस मिनिटं तशीच ठेवली, मग हळूहळू पुन्हा खाली आणलं आणि मगच कापायला लावली. काचेतून बघत होत्या. पांढुरकेपणा एका टोकाकडून सरकत गेला आणि कांडी स्वच्छ होत गेली, इतकी स्वच्छ की तिच्या पलीकडचा स्क्रू दिसायला लागला. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. "हाक मारायला तोंड उघडलं असतं तर नजर हलली असती," असं त्या मला म्हणाल्या.

प्रयोग त्याच दिवशी सकाळी अकराला झाला. नियंत्रणकक्षात पंचवीस-तीस माणसं आणि त्याहून जास्त पडदे. सासूबाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली होती, त्या बसल्याच नाहीत. बाईंच्या हातात एक कागद होता. गोळ्या नीट गेल्या तर तापमान कसं चढेल, त्याची रेघ त्यांनी चार महिन्यांपूर्वीच काढून ठेवली होती. गणित आधी, घटना मागून.

यंत्र चालू झालं. एका पडद्यावर वायूची फिकट जांभळी कड दिसली. मग गोळ्या. प्रत्येक गोळी आत शिरताना एक पांढरी ठिणगी, आणि त्या ठिणग्या इतक्या भराभर की डोळ्यांना एकच थरथरणारी रेघ. सगळं मिळून दीड-दोन सेकंद. सासूबाईंना वाटलं, आताच तर सुरू झालं होतं. गोळ्या मोजणारा म्हणाला, "छत्तीस अख्ख्या." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

भोवऱ्यांची खळबळ मोजायला एक उपकरण होतं. वायूवर सूक्ष्मलहरी सोडायच्या, त्या परत येताना किती थरथरतात ते टिपायचं. ते सांभाळणाऱ्या माणसाने त्या थरथरीचा आवाज करून ठेवला होता आणि तो फार संथ करून कर्ण्यावरून ऐकवायची सोय केली होती. त्याने सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे तुमच्यासाठी लावतो."

आधी नुसता खळखळाट. मोठ्या कढईत पाणी उकळत असावं, त्यात वाळू पडावी, तसा. त्यात गोळ्यांचे ठोके, एकेक सुटा. ठोके संपले. आणि मग तो खळखळाट ओसरायला लागला. एकदम नाही. आधी वरचा चरचरीत आवाज गेला, मग मधला, शेवटी खालची घरघरही इतकी बारीक झाली की खोलीतल्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आयुष्यभर सासूबाईंनी यंत्रं ऐकली होती, पण बंद न पडता शांत होणारं यंत्र त्यांनी ऐकलं नव्हतं. हे चालू होतं, कोट्यवधी अंशांवर, आणि गप्प होतं.

प्रत्यक्षात ती शांतता सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती. कर्ण्यावर ती अर्धं मिनिट पुरली. मग मधली दाटी पसरली, खळखळाट परत आला.

पण तेवढ्या वेळात तापमान चढलं होतं. पडद्यावर ठिपके उमटले. बाईंनी कागद पडद्याला लावला. ठिपके रेघेवर बसत गेले. एक जरा वर, एक जरा खाली, बाकी सगळे रेघेवर. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या, बराच वेळ. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या.

"बाई, तुम्ही हे आधी कसं पाहिलंत?"

"पाहिलं नव्हतं, ताई. नुसतं मोजलं होतं. पाहतेय आत्ता."

सर येऊन सासूबाईंसमोर उभे राहिले. एरवी भरपूर बोलायचे ते, पण त्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, "घाई ती घाईच." आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

त्या संध्याकाळी सासूबाई सासऱ्यांच्या बसने घरी आल्या. वाटेत उन्हं तिरपी झाली होती आणि सूर्य समोरच्या काचेत होता. सासऱ्यांनी विचारलं, "कसं झालं?" त्या म्हणाल्या, "शांत झालं." सासऱ्यांनी नंतर मला सांगितलं, "तीस वर्षांत बायको माझ्या बसमध्ये इतकी गप्प पहिल्यांदाच बसली. मला वाटलं, गाडीत कुणी बसलंय की नाही."

पुढची काही वर्षं गोळ्या घालत राहून ती शांतता लांबवायचे प्रयत्न झाले. एक सेकंद झाली, मग त्याहून थोडी जास्त. सासूबाईंनी दोन मेकॅनिक तयार केले. ते तापमापक बघायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "ते बघाच, पण बर्फाकडेही बघा." निवृत्त झाल्या त्याच्या आदल्या आठवड्यात यंत्र दुरुस्तीसाठी उघडं होतं. त्यांनी मला आत नेलं. डोक्यावर टोपी, पायांत कापडी पिशव्या, ओणवं होऊन एका माणसाला जेमतेम शिरता येईल अशा भोकातून आम्ही त्या रिंगणाच्या पोटात गेलो. भिंती कुठे सरळ नव्हत्या. एका बाजूने छत खाली उतरत फरशी होत होतं, फरशी वळत भिंत होत होती. दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "इथे उभी आहेस ना, इथे तो होता." मी तिथून पाऊल मागे घेतलं, का ते मला ठाऊक नाही.

निवृत्तीनंतर वर्षभराने बाई आमच्या घरी आल्या. हातात गुंडाळलेला मोठा कागद. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो पसरला, कोपऱ्यांवर आम्ही कप ठेवले. नव्या यंत्राचा आकार होता. पहिल्यापेक्षा वेगळे बाक, वेगळे पीळ. बाई म्हणाल्या, "ह्या वेळी आकार काढतानाच खळबळीचं गणित धरलंय. पिंजराच असा वळवलाय, की भोवरे उठतानाच मंदावतील."

"म्हणजे बर्फ नको?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा काळजी होती.

"लागेल, पण थोडा. असं गणित म्हणतं. बांधून बघेपर्यंत गणितच."

मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, त्यांना थोडं लागेल. त्यांनी चष्मा लावला आणि एका कड्याच्या रेघेवर बोट ठेवलं. बोटांची मागची बाजू, कातडी पातळ असते ती. हळूहळू त्या बाकाबरोबर फिरवत गेल्या, जिथे तो आत वळत होता तिथे थांबल्या.

"इथे मंदावतील?" त्यांनी विचारलं.

"इथेच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही हो. इथे बोट आपोआप थांबलं." चहा निवून गेला, कुणी प्यायला नाही. शेवटी त्या बाईंना म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा. पहिल्यापासून. हिलाही ऐकू दे." आणि मला त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसवलं.